दोन मिनिटांची गाडी

"गुरुजी, मले माहे पैसे पाह्यजेत जी."

पंचफुला इंगळे माझ्या टेबलासमोर उभी होती. पाचवीतली मुलगी. दोन वेण्या, एकीला लाल रिबीन, दुसरीला फडक्याची चिंधी. गुरुवारची दुपारची सुट्टी चालू होती आणि बाहेर पोरं लंगडी खेळत होती. तिच्या हातात संचयिकेचं पासबुक होतं, दोन्ही हातांनी धरलेलं.

संचयिका म्हणजे मुलांची शाळेतली बँक. दर सोमवारी मुलं पाच पैसे, दहा पैसे आणून द्यायची. मी ते त्यांच्या पासबुकात लिहायचो, सही करायचो आणि पत्र्याच्या हिरव्या पेटीत टाकायचो. महिनाअखेरीला पेटी पोस्टात रिकामी करायची. कुणाला पैसे काढायचे असतील तर त्यासाठी गुरुवार. शाळेत मी सगळ्यांत नवा, म्हणून हे काम माझ्याकडे आलं होतं. मुलांना बचतीचं महत्त्व सांगायलाही मीच.

"किती पाहिजेत?"

"सहा रुपये."

मी पासबुक उघडलं. पहिल्या पानापासून पाच पैसे, पाच पैसे, दहा पैसे. मधे एकदा चार आणे. त्याच्यापुढे तिनं पेन्सिलीनं बारीक 'मामा' असं लिहिलं होतं. दोन वर्षांचे मिळून सहा रुपये चाळीस पैसे.

"इतके सगळे? कशाला?"

"कुंची घ्याची हाये."

"कुंची? लहान बाळाची?"

"हाव."

"मग सोमवारी घे. सोमवारी ये, देतो."

"नाही जी. शनिवारी पाह्यजे."

माझा उजवा हात टेबलाच्या खणावर होता. खणात हिरवी पेटी होती आणि पेटीत दोन रुपये दहा पैसे होते. सत्तावीस रुपये दहा पैसे असायला हवे होते. पंचवीस मी घेतले होते, चार दिवसांपूर्वी.

ते का घेतले, हे सांगायला थोडं मागं जावं लागेल.

मी गडहिंग्लजकडचा. नोकरी लागली ती पार वऱ्हाडात, भुसावळ-नागपूर मार्गावरच्या एका लहान स्टेशनाच्या गावी. गावात कापसाचं जिनिंग, आठवड्याचा बाजार आणि एका संस्थेची आमची शाळा. पगार तीनशे दहा रुपये. एवढे पैसे एकदम माझ्या हातात कधी आले नव्हते, आमच्या घरात कुणाच्याच आले नव्हते. रेव्हेन्यू तिकिटावर सही करून बाहेर आलो, तर धोत्रे गुरुजी दारातच उभे.

"काय चौगुले, पहिला पगार कोरडाच का?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! सगळ्या स्टाफला बालूशाही आणि चिवडा. इथली रीतच आहे. मी दिली, ह्यांनी दिली, हेडसरांनीसुद्धा दिली होती त्यांच्या काळात."

बालूशाही-चिवड्यावर भागलं नाही. स्टेशनावरच्या हॉटेलात जेवण झालं, बेचाळीस रुपये गेले. मग टेरिकॉटची पँट आणि दोन शर्ट शिवायला टाकले, हप्त्यानं. खोलीचं भाडं तीस, खानावळीचे ऐंशी. आणि घरी मनीऑर्डर दीडशेची.

दीडशे का, तर तो आकडा ऐकायला बरा वाटला म्हणून. आमच्या गावचा पोस्टमन भैरू मनीऑर्डर गुपचूप देत नसे. गल्लीच्या तोंडापासून ओरडत यायचा, "चौगुले मामा, दीडशे आले हो! पोरानं दीडशे धाडले!" माझ्या वडिलांचा, अण्णांचा, कल्हईचा धंदा; स्टीलची भांडी आल्यापासून तो बसलाच होता. भैरू असा ओरडत आला तेव्हा अण्णा हातातला भाता सोडून उभे राहिले आणि सगळी गल्ली दारात आली, असं धाकट्या बहिणीनं पत्रात लिहिलं होतं. ते पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं. परक्या गावात, भाड्याच्या खोलीत, दुसऱ्यांची भाषा ऐकत दिवस काढणाऱ्या माणसाला आपल्या गल्लीत आपलं नाव कुणीतरी मोठ्यानं घेतंय, एवढंही पुरतं.

दुसऱ्या महिन्यात कसेबसे दीडशे गेले. तिसऱ्या महिन्यात खानावळवाल्यानं मागची बाकी घेतली, शिंप्यानं हप्ता घेतला. डिसेंबरची वीस तारीख उलटली तरी माझ्या ट्रंकेत सव्वाशेच रुपये. सव्वाशे पाठवायचे? भैरू काय ओरडला असता? सव्वाशे असंच ओरडला असता, दुसरं काय. पण मला ते सहन होईना. एक तारखेला पगार होणारच आहे, तेव्हा परत ठेवू, असं म्हणून रविवारी मी पेटी उघडली आणि मंगळवारी मनीऑर्डर केली. कुपनावर निरोप लिहायला चार बोटं जागा असते. तिथं काय लिहावं सुचेना. कोरंच सोडलं.

आणि आता गुरुवारी पंचफुला समोर उभी.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तिची कुंची दिसली नाही. मला फक्त पेटी दिसत होती. खिशात एक रुपया होता. मी खुर्चीत नीट बसलो आणि वर्गात शिकवतो त्या आवाजात म्हणालो, "पंचफुला, बचत म्हणजे काय सांगितलं होतं मी?"

"अडीअडचणीले कामी येते ते."

"मग कुंची ही अडचण आहे का?"

तिनं मान खाली घातली. पायाच्या अंगठ्यानं फरशीवरची खडूची भुकटी सारली. "हाव," असं इतकं हळू म्हणाली की मी ऐकलं नाही असं दाखवता आलं.

"आणि हे बघ, इतके पैसे एकदम काढायचे तर अर्ज द्यावा लागतो. कारण लिहून. आपण वर्गात अर्ज शिकलोय ना? उद्या लिहून आण. मग नियमाप्रमाणे बघू."

असा नियम नव्हता. तो मी तिथल्या तिथं केला.

"उद्या देसान मंग?"

"सोमवारी. अर्ज आला की सोमवारी."

तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात घंटा झाली. "मी लिहून आणतो," म्हणाली आणि गेली. वऱ्हाडात मुलीही 'आणतो, जातो' म्हणतात. तीन महिन्यांत मला त्याची सवय झाली होती.

शुक्रवारी सकाळी प्रार्थनेच्या आधी तिनं अर्ज आणून दिला. दुरेघी कागद, समास आखलेला, डावीकडे तारीख. मी उभ्या उभ्या वरच्या दोन ओळी पाहिल्या. 'मा. संचयिका प्रमुख गुरुजी यांस.' 'विषय : माझे पैसे मिळणेबाबत.' मांडणी बरोबर होती, अक्षर वळणदार होतं. मी तांबडी पेन्सिल काढली, कोपऱ्यात 'छान' असं लिहिलं आणि अर्ज घडी करून संचयिकेच्या वहीत ठेवला.

"वाचला काय जी?"

"हो. छान लिहिलायस."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मी छान म्हटल्यावर मुलं हसतात. ती हसली नाही.

शनिवारी सकाळची शाळा. पंचफुला आली नव्हती. साडेअकराला शाळा सुटली, मुलं पांगली. सोमवारी पेटी पोस्टात जाणार, त्याआधी वही लिहून ठेवावी म्हणून मी बसलो. वही उघडली आणि अर्ज बाहेर पडला. 'छान' वर होतं. खाली वाचायला लागलो.

'अर्ज करते की माझी ताई द्वारका हिला बाळ झाले. आमच्या घरून कुंची गेली नाही. बाबांपाशी पैसे नव्हते. तिची सासू तिला रोज बोलते. दोन वर्षे तिला घरी पाठविले नाही. आई नाही म्हणून ताईने मला मोठे केले. आता दाजींना दूर कोळशाच्या खाणीत नोकरी लागली. ते सगळे शनिवारी बाराच्या गाडीने आपल्या स्टेशनावरून जाणार आहेत. गाडी दोन मिनिटे थांबते. मला बाळाच्या डोक्यावर माहेरची कुंची घालायची आहे. ती गफूरचाचांनी शिवून ठेवली आहे. तुम्ही सोमवारी देतो म्हणाले पण सोमवारी ताई नसेल. आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी.'

भिंतीवरच्या घड्याळात अकरा बेचाळीस झाले होते.

मी हेडसरांच्या खोलीत गेलो. मोहरीर सर धोतर सावरत कपाटाला कुलूप लावत होते. साठीला आलेला, सावकाश बोलणारा माणूस.

"सर, सहा रुपये द्याल का? सोमवारी देतो."

"देतो की. कशाला हवेत?"

"खानावळीचे..."

"खानावळवाला शनिवारी भर दुपारी सहा रुपयांसाठी अडून बसलाय?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "चौगुले, तुम्हाला घाम आलाय. पौषात."

मी अर्ज त्यांच्यापुढे धरला. ते वाचू लागले. सावकाश, एकेक ओळ. मला ओरडावंसं वाटत होतं.

"मग हिचे पैसे पेटीत आहेत की."

"नाहीत. मी घेतले. पंचवीस. घरी मनीऑर्डर करायला."

त्यांनी बंडीच्या खिशातून दहाची नोट काढून माझ्या हातात दिली. "पळा. बाकीचं नंतर."

मी पळालो. नव्या टेरिकॉटच्या पँटीत बाजारातून धावणारे गुरुजी पाहून लोक थांबले. शिंपी गफूरमियाँचं दुकान रुळांच्या पलीकडच्या वस्तीत होतं. मी पोचलो तेव्हा ते मशीनला तेल घालत होते.

"कुंची! इंगळ्यांच्या पोरीची!"

"आओ गुरुजी. दोन दिवस झाले तयार आहे. पोरगी रोज येते, बघते, हात लावत नाही. म्हणते, पैसे आणले की लावीन." ते कागद शोधायला लागले.

"कागद नको!"

"असं कसं, लेकराची चीज आहे..."

मी नोट टाकली, कुंची उचलली आणि चार रुपये न घेताच निघालो. मोरपंखी खणाची कुंची, कडेनं रुपेरी गोट, गळ्याशी दोन बंद. माझ्या मुठीत मावेल एवढी.

रुळांपाशी आलो आणि समोर गाडी येऊन उभी राहिली.

स्टेशन पलीकडे होतं. मी अलीकडे होतो. मधे अख्खी गाडी. माझ्या बाजूला फलाट नव्हता, नुसती खडी. डब्यांच्या खिडक्या माझ्या डोक्याच्याही वर. मी डब्यामागून डबे धावत गेलो, "द्वारका! द्वारका इंगळे!" असं ओरडत. सासरचं नाव मला कुठं माहीत होतं? खिडकीतून लोक बघायचे आणि मान हलवायचे.

मग मी खाली वाकलो. आमचा फलाट रुळांच्या सपाटीचा होता, त्यामुळे चाकांमधून पलीकडची पावलं दिसत. चपला, बूट, एका हमालाचे धुळीनं पांढरे झालेले पाय. पुढच्या डब्याखाली मला दोन लहान अनवाणी पावलं दिसली. टाचा उचललेल्या. नुसत्या चवड्यांवर उभी होती ती, खिडकीपर्यंत पोचायला. अंगठे मातीत रुतले होते आणि पोटऱ्या थरथरत होत्या.

मी त्या डब्यापाशी गेलो. "घ्या! ही कुंची घ्या! त्या बाजूच्या बाईला द्या!" खिडकीशी एक म्हातारा झोपला होता. मी हात उंचावला, उडी मारली, गजापर्यंत बोटं गेली आणि खाली आलो. चाकांमधून पलीकडे जावं असा विचार आला. वाकलोही. गार्डाची शिट्टी झाली आणि माझे पाय जागच्या जागी राहिले. ती भीती मला अजून आठवते.

गाडी हलली. चाकांच्या फटीतून मी पाहत होतो. त्या दोन टाचा हळूहळू खाली आल्या.

शेवटचा डबा गेला आणि आमच्या दोघांच्या मधे नुसते रूळ राहिले. पंचफुला गाडीच्या दिशेनं पाहत होती. तिच्या दोन्ही वेण्या मोकळ्या होत्या. रिबीनही नव्हती आणि चिंधीही. मग ती वळली आणि तिला मी दिसलो. माझ्या हातातली कुंची दिसली.

मी रूळ ओलांडून तिच्याकडे गेलो. तिनं माझ्या हातातली कुंची घेतली. उलटी करून आतली शिवण पाहिली, गोटावरून बोट फिरवलं.

"किती झाले?"

"सहा."

"मंग माहे चाळीस पैसे राह्यले."

"पंचफुला, बाळ... दिसलं?"

"हाव. ताईसारखंच हाये. उघड्याच डोक्याचं होतं. मी रिबीनले चिंधी जोडून वर धरली, ताईनं ओढून घेतली अन् बांधली त्याले. सासू म्हणे, हेच का माहेर? ताई मंग हसली. खोटंच हसली."

"आपण पोस्टानं पाठवू. पत्ता दे."

"पत्ता नाही जी. दाजी लिहीत नाही. अन् तवरक बाळ मोठं होईन." तिनं कुंचीची घडी केली, एकदा, दोनदा. मग वर पाहिलं. "तुम्ही अर्ज वाचला होता ना?"

मुलांशी बोलताना मी आयुष्यात अनेकदा गुळमुळीत बोललो असेन. त्या वेळी नाही बोललो.

"नाही वाचला. आज वाचला. आणि पैसे पेटीत नव्हते, पंचफुला. मी घेतले होते. मला लागत होते म्हणून. तसा नियमबियम काही नव्हता."

तिच्या कपाळाला आठी पडली होती, गणित सोडवताना पडायची तशी.

"तुमचंबी कोणी गाडीनं चाललं होतं काय जी?"

"नाही," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि कुंची परकराच्या ओच्यात बांधून ती घराकडे गेली.

सोमवारी पगार झाला. मोहरीर सरांनी मला खोलीत बोलावून दार लोटलं. मला वाटलं आता नोकरी गेली. त्यांनी जुन्या उत्तरपत्रिकांचे कागद पुढे ठेवले.

"पुड्या करा."

"कसल्या?"

"पगाराच्या. मीही असाच शिकलो, कुणीतरी शिकवलं म्हणून. पहिली पुडी जे आपलं नाही त्याची. पेटीचे पंचवीस. लिहा वर. दुसरी खोली, तिसरी खानावळ. चौथीत दर महिन्याला थोडे, आणि ती पुडी आपण मेलो असं समजून उघडायची नाही. मग घर. मग कपडे. पार्टी सगळ्यांत शेवटी, उरले तर." त्यांनी चष्मा पुसला. "घरी किती पाठवता?"

"दीडशे."

"मागितलेत कुणी दीडशे?"

त्यांच्या दहाची एक पुडी मी न सांगता केली. धोत्रे दारातून डोकावून म्हणाले, "अहो, पुड्या कसल्या? किराणा टाकलाय का?" सर म्हणाले, "या, तुम्हीही बसा." धोत्रे गेले.

अण्णांचं पत्र त्याच आठवड्यात आलं, बहिणीच्या अक्षरात. 'पैसे पोचले. भैरूने नेहमीप्रमाणे गाव गोळा केले. पण कुपनावर तू काही लिहिले नव्हतेस. मी ते उलटसुलट करून पाहिले. पुढच्या खेपेस पैसे कमी धाडलेस तरी चालेल, चार ओळी लिही. जेवण कसे आहे ते लिही.' पुढच्या खेपेस मी नव्वद पाठवले आणि ती चार बोटं जागा मुंगीएवढ्या अक्षरांनी भरून काढली. अण्णा गेले तेव्हा त्यांच्या भात्याच्या पेटीत तसली कुपनं गड्डीनं निघाली. सगळ्यांत वर एक कोरं होतं.

पण त्या सोमवारचं राहिलं. पगाराच्या पुड्या करून मी वर्गात आलो, हिरवी पेटी टेबलावर ठेवली आणि मुलांची रांग लागली. पंचफुला शेवटी उभी होती. ती येईल असं मला वाटलं नव्हतं. तिनं पासबुक ठेवलं. मुठीत दहा पैसे होते.

"परत भरायचे?" मी विचारलं.

"हाव. बाळाले पुढच्या खेपेले झबलं लागन. मोठं." मग तिनं मूठ मागं घेतली. "आधी पेटी दाखवा जी."

मी पेटी उघडून तिच्यापुढे वाकडी केली. तिनं आत पाहिलं, नुसती नजर टाकली नाही, नीट पाहिलं. मग नाणं टाकलं. आवाज आला.

त्यानंतर बत्तीस वर्षं मी शिकवलं, तीन गावांत. संचयिका माझ्याकडे असेल तिथं दर सोमवारी मी आधी पेटी उघडून मुलांपुढे वाकडी करायचो. का, ते कुणी विचारलं नाही.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पंचफुला नव्हती. तिचे वडील ज्या जिनिंगमध्ये कामाला होते ते बंद पडलं, आणि घरचे कुठं गेले ते शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळी पासबुकं माझ्या कपाटात जमा असत. तिचं तिथंच राहिलं. दोन रुपये दहा पैसे शिल्लक. मी ते पोस्टातल्या माझ्या खात्यात ठेवलेत आणि दर साली माझ्या वहीत तिच्या नावानं वेगळे लिहीत आलोय.

नागपूरला मुलीकडे जाताना गाडी त्या स्टेशनावरून जाते. आता तिथं उंच फलाट झालाय, खालून काही दिसत नाही. गाडी अजूनही दोनच मिनिटं थांबते. तेवढी दोन मिनिटं मी दाराशी येऊन बाहेर वाकतो. खाली कुणी टाचा उंचावून उभं आहे का, ते बघतो.